लाल न दिसणारी पेटी

अमरावतीच्या परकोटाबाहेर, अंबा नाल्याच्या काठावर, मैनाबाई रंगारणीचे सहा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. तीन निळीचे, दोन आल नावाच्या झाडाच्या मुळांतून निघणाऱ्या लालाचे आणि एक काळ्याचा. नवरा पटकीनं गेला तेव्हा जातभाईंनी तिला दोन सल्ले दिले होते: रांजण विकून टाक आणि भावाकडं जाऊन राहा. तिनं दोन्ही सल्ले नीट ऐकून घेतले, सल्ला देणाऱ्यांना गूळपाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आलाची मुळं कुटायला बसली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते ते निळेच राहिले. जिभेवर मात्र कुठलाच रंग कधी चढला नाही.

तिकडं अमेरिकेत गोरे लोक आपसांत लढत होते, आणि त्यामुळं इकडं दर्यापूरच्या काळ्या रानात कापूस पिकवणाऱ्यांना एकाएकी अक्कल आली होती. निदान त्यांना तसं वाटत होतं. तिकडचा कापूस अडकल्यानं इकडच्या कापसाला भाव चढला तसा माणसांचा आवाजही चढला. काल-परवापर्यंत जे नांगराच्या फाळाबद्दल बोलत ते आता विलायतेतल्या गिरण्यांबद्दल बोलू लागले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्या घरात एकही आरसा नव्हता तिथं तीन-तीन आले, आणि तिन्हींत एकच मिशी दिसे.

या सगळ्यांना लाल फेटा हवा होता. साधासुधा लाल चालत नसे. मैनाबाईचा, आलाचा, तेल-तुरटीत पंधरा दिवस मुरलेला, धुतला तर आणखी उजळणारा लाल. "माह्या लालाले बाजारातले बैल बिचकतात," असं ती स्वतःच सांगायची, आणि भाव वाढवायची.

अशा दिवसांत कमलाकांत तिच्या शेजारची मोकळी जागा भाड्यानं घेऊन राहायला आला. घराणं पौरोहित्याचं. वडिलांनी त्याला कायदा शिकायला मुंबईला धाडलं होतं. तीन वर्षांनी तो परतला तेव्हा कायद्याऐवजी त्याच्यासोबत तीन पायांची एक लाकडी पेटी होती, बाटल्यांनी भरलेल्या दोन पेट्या होत्या आणि दहाही बोटं काळी पडली होती. वडिलांनी पेटीकडं पाहिलं, बोटांकडं पाहिलं, आणि मुलाला घराबाहेर वेगळा संसार थाटायची मोकळीक दिली. संसार म्हणजे बायको नव्हे; तिला तिच्या वडिलांनी आधीच परत नेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"मैनाबाई, एक जाड कापड रंगवून हवं होतं. राहुटीला. असं तांबडं-पिवळं की भर उन्हातही पांढरा उजेड आत शिरता कामा नये."

"काहून महाराज? देव बसवता का आत?"

"काच धुतो. काचेवर औषध लावायचं, ती ओली असतानाच पेटीत घालून तसबीर घ्यायची, आणि ओली असतानाच राहुटीत आणून धुवायची. पांढरा उजेड लागला की काच जळते. तांबड्या उजेडानं तिला काही होत नाही."

मैनाबाईनं आल आणि हळद मिळवून असा रंग दिला की राहुटीत शिरलेला माणूस कढईत पडल्यासारखा दिसे. रंग नीट बसला की नाही हे पाहायला ती स्वतः आत गेली. कमलाकांतानं काचेवर औषधाचं पाणी ओतलं, आणि त्या भगव्या अंधारात कोऱ्या काचेवर नाल्याकाठचं बाभळीचं झाड हळूहळू वर आलं. मैनाबाईनं काचेला नाक लागेल इतकी मान पुढं केली.

बाहेर आल्यावर तिनं पान लावलं आणि पान चघळून व्हायच्या आत तिचा हिशेब जुळला.

"म्हंजे तुमच्या या पेटीले लाल दिसतच नाही."

"दिसत नाही असं नव्हे. त्याचं काय आहे, रसायनाच्या स्वभावधर्माप्रमाणे निरनिराळ्या किरणांचा..."

"आंधळी हाय असं सांगा ना सरळ. लालाले ते काळं समजते. पिवळ्यालेही. आन् निळीले?"

"निळं फिकं उतरतं," कमलाकांत म्हणाला. "आभाळ तर पांढरंच होऊन जातं."

हे समजायला त्याला मुंबईत इंग्रजी पुस्तकासह सहा महिने लागले होते. ते त्यानं सांगितलं नाही.

त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे दर्यापूरकडचे खुशालराव पाटील. तसबिरीसाठी म्हणून पाटलांनी मैनाबाईकडून नवा लाल फेटा रंगवून नेला होता. पेटीला लाल दिसत नाही ही गोष्ट तिनं त्यांना सांगितली नाही. विचारलं असतं तर सांगितली असती; पण विचारणं हे पाटलांच्या स्वभावात बसत नव्हतं. कमलाकांतानं सांगायला हवी होती. तो पाटलांच्या रुबाबानं इतका गांगरला की स्वतःचं नावही त्यानं चुकतमाकत सांगितलं.

ठरल्या सकाळी पाटील घोड्यावरून आले. डोक्यावर लालभडक फेटा, अंगावर पिवळं जरीचं उपरणं, कपाळावर केशरी टिळा. सोबत मेव्हणे उत्तमराव, आणि घोडा धरायला वर्षाच्या बोलीवरचा सालदार सूर्यभान. सूर्यभानच्या अंगात निळीची बंडी होती, नऊ वर्षं धुऊन-धुऊन विटलेली. ती बंडीही मैनाबाईच्याच रांजणातून निघालेली होती.

पाटलांना खुर्चीवर बसवून कमलाकांतानं त्यांची मान मागून लोखंडी चिमट्यात अडकवली.

"हे काय करून राहिला?"

"दहा अंक मोजेपर्यंत हलायचं नाही, पाटील. हललं की तसबीर पुसट होते."

"मी काय पोट्टा हाय हलाले?" पाटील गरजले, आणि गरजताना हलले. मग माशी आली म्हणून हलले. मग उत्तमराव हसले की काय हे पाहायला डोळे फिरवले. घोड्यानंही मध्येच मान वळवली. सूर्यभान तेवढा हलला नाही. पाटलांसमोर न हलता, न बोलता, श्वासही बेतानं घेत उभं राहायचं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. अठरा वर्षं तो तेच करत आला होता.

चार दिवसांनी तसबीर कागदावर उतरली आणि पाटलांच्या हाती आली. पाटलांनी ती उजेडाकडं धरली, मग दूर धरली.

"हा कोन?"

"आपणच, पाटील."

"आन् हा?"

"तो आपला सूर्यभान."

खुर्चीवर एक कोळशाचा ढीग बसला होता. फेटा काळा, उपरणं काळं, कपाळावर काळा फासल्यासारखा पट्टा, आणि जिथं चेहरा असायचा तिथं एक धूर. घोड्याला दोन तोंडं आली होती. आणि बाजूला, लगामाला हात लावून, शुभ्र पांढऱ्या पोशाखात, देवळातल्या मूर्तीसारखा रेखीव, सूर्यभान उभा होता.

उत्तमरावांनी मागून डोकावून पाहिलं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "भाऊजी," ते आदरानं म्हणाले, "तुमच्या बाजूले हे कोन्या गावचे राजे म्हनाचे?"

सूर्यभान दाराशीच होता. त्यानं जरा पुढं होऊन कागदाकडं पाहिलं. आयुष्यात त्यानं स्वतःला नाल्याच्या पाण्याखेरीज कुठं पाहिलं नव्हतं.

"हे... मी हाय?"

"नाही!" पाटील ओरडले.

त्यांनी तसबीर जमिनीवर टाकली आणि कमलाकांताला तीन पिढ्यांसह जे बोलायचं ते बोलून घेतलं. बोलणं आटोपून हात उचलायची वेळ आली तेव्हा कुंपणापलीकडून मैनाबाई आली.

"पाटील, तुमाले पांढरं, उजळ दिसाचं हाय ना? मंग नीळ घाला. फिकी."

"नीळ? सालदाराची? मी?"

"पेटीले जात समजत नाही. तिले रंगच धड समजत नाही, तं जात कोठून समजन?"

पाटील आठवडाभर आले नाहीत. मग आले ते फिक्या निळीचा फेटा आणि निळी बंडी घालून, पण वरून लाल शालीत डोक्यापासून गुंडाळून, म्हणजे बाजारात कुणाला दिसू नये. या वेळी सूर्यभान काळा उतरायलाच हवा म्हणून त्याला पाटलांनी आपला तो नवा लाल फेटा बांधायला दिला. एकदा सालदाराच्या डोक्यावर गेलेला फेटा परत घेणं पाटलांच्या इज्जतीत बसेना. त्यामुळं संध्याकाळी दर्यापूरच्या वाटेला जे लागले त्यात पाटील शाल गुंडाळायचं विसरून निळ्या कपड्यांत होते आणि त्यांच्यामागं घोडा धरून लाल फेट्याचा सूर्यभान चालला होता. वाटेत दोघा-तिघांनी रामराम नेमका कुणाला घातला हे सांगता येत नाही.

टाकलेली तसबीर मैनाबाईनं उचलली आणि पदरानं पुसली. निळीचा रांजण आंबून रंगाला तयार झाल्याचा फेस यायची वाट पाहत बसलेली असताना ती तसबीर काढून पाहू लागली. सूर्यभानची बंडी तिनं रंगवली होती म्हणून तिला वाटत होतं की ती तिला ठाऊक आहे. ठाऊक होती ती नीळ: स्वस्तातली, दोन बुडींची. आता तिला दिसलं की उजव्या कोपरावर कापड विरलं आहे आणि तिथं कुणीतरी बारीक, सरळ टाके घातले आहेत. खांद्यावर ओझ्यानं पडलेली घडी आहे. गळ्यापासून पोटापर्यंत कापड कसं सावलीत शिरतं आणि परत उजेडात येतं. रंगारी रंगाची खोली तपासायला डोळे अर्धे मिटून कापड पाहतो. या कागदानं जणू साऱ्या जगाकडं तसे डोळे अर्धे मिटले होते. रंग होता तोवर तिला रंगच दिसला होता. तीस वर्षं कापड हातात घेऊन तिनं कापड पाहिलं नव्हतं, हे तिला कुणी तोंडावर सांगितलं असतं तर तिनं त्याला रांजणात बुडवलं असतं.

खुशालराव पाटलांच्या दुसऱ्या तसबिरीची कीर्ती पसरली तशी गिऱ्हाइकांची रांग लागली. मैनाबाईनं पेटीसाठी म्हणून फिक्या निळीचे फेटे, उपरणी आणि बंड्या तयार ठेवल्या. वऱ्हाडातले नवे श्रीमंत लाल-पिवळ्या थाटात येत, आडोशाला जाऊन सालदारांचे रंग अंगावर चढवत, कागदावर राजे होत, आणि पुन्हा आडोशाला जाऊन श्रीमंत होत. कुणाला कुठं बसवायचं, मागं चुन्याची भिंत घ्यायची की गोणपाट लावायचं, तोंड किती वळवायचं हेही हळूहळू मैनाबाईच सांगू लागली. कमलाकांत विद्वान होता, पण त्याला फेट्याच्या आत माणूसच दिसे. ती डोळे बारीक करून आधी उजेड कुठं पडतो ते पाही, मग माणूस. लोक त्या दोघांबद्दल जे बोलायचं ते बोलत. ती पंचेचाळिशीची, तो अठ्ठाविशीचा. एवढ्यानं कुणाची करमणूक थांबत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनी झाकून ठेवली होती. तसबिरीच्या कागदाला आधी अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप लागतो. त्याशिवाय चित्र कागदात बुडून जातं. ब्राह्मणाच्या मुलाला अंडी आणणं शक्य नव्हतं. अंडी मैनाबाई आणायची, फोडायची, घुसळायची. तो फक्त चिमट्यानं कागद त्यावर तरंगवायचा आणि त्या वेळी तोंड दुसरीकडं करायचा. उरलेले पिवळे बलक रंगाऱ्यांच्या आळीत वाटले जात. कापसाची तेजी तालुक्यातल्या सर्वांपर्यंत पोचली नाही, पण त्या आळीतली पोरं त्या दोन वर्षांत अंगानं भरली.

मग अकोल्याहून बापूसाहेबांचं बोलावणं आलं. बापूसाहेब वकील. त्यांनी तिथं सुविचार मंडळी नावाची एक सभा काढली होती. दर शनिवारी अकरा माणसं जमत आणि समाजानं काय सोडून द्यावं यावर बोलत. कमलाकांतानं मागच्या खेपेला त्यांच्या कुलदेवतेच्या मूर्तीची तसबीर काढून दिली होती. ती इतकी आवडली की मंडळीतल्या नऊ घरांनी आपापल्या देवघरासाठी तिच्या प्रती करून घेतल्या होत्या. आता सगळ्या मंडळीची एकत्र तसबीर काढायची होती.

मोर्णा नदीच्या काठी बिऱ्हाड मांडलं. बापूसाहेब स्वतः पाहायला आले आणि पेटीपुढं उभं राहून त्यांनी छोटंसं भाषण केलं. "माणूस खोटं बोलतो, यंत्र खोटं बोलत नाही. सत्याचा हा काळा-पांढरा लेख आहे."

"व्हय जी," मैनाबाई म्हणाली. तिच्या बोचक्यात त्या सत्यासाठी आणलेले अकरा निळे फेटे होते.

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाडामागं ती अंडी फोडत बसली असताना बापूसाहेबांच्या घरी पाणी भरणारी शकुन घागर घेऊन तिथून गेली. चाळीस टरफलं आणि शेजारी लेप लावून वाळत घातलेला कागद, दोन्ही तिनं पाहिले. दुपारपर्यंत अकोल्यात ही बातमी अशी फिरली की अंडी चारशे झाली होती.

मंडळी बापूसाहेबांच्या ओसरीवर जमली. कमलाकांत खाली मान घालून मधोमध बसला. मैनाबाई अंगणात उभी. नऊ घरांच्या देवघरांत कोंबडीचं अंडं बसलं होतं आणि त्याला रोज फुलं वाहिली जात होती, हे एकदा नीट उच्चारून झालं. मग शास्त्रार्थ सुरू झाला. चित्र चांदीच्या औषधातून उमटलेलं, वर सोन्याच्या पाण्यात धुतलेलं. चांदी-सोनं शुद्ध, म्हणजे चित्र शुद्ध. कागद तेवढा अशुद्ध. चित्र ठेवावं, कागद टाकावा, असा निर्णय एकमतानं झाला. चित्र कागदावरून सोडवायचं कसं याबद्दल कुणी काही बोललं नाही. त्या संध्याकाळी नऊच्या नऊ तसबिरी देवघरांतून निघाल्या आणि दिवाणखान्यात लागल्या, जिथं त्या पाहुण्यांना आधीपेक्षा जास्त दिसत होत्या. कमलाकांताला मात्र मंडळीतल्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी प्रायश्चित्त सांगितलं: मुंडण, पंचगव्य, ब्राह्मणभोजन.

त्यानं ते केलं. डोकं तुळतुळीत करून तो तिसऱ्या दिवशी बिऱ्हाडात परतला तेव्हा मागोमाग बापूसाहेबही आले. प्रकरण मिटलं होतं, तेव्हा आता ठरलेली तसबीर उद्या सकाळी काढून घ्यावी असं मंडळीचं म्हणणं होतं.

मैनाबाईनं विचारलं, "बापूसाहेब, कागद तं तोच लागन ना जी? अंड्याचा?"

बापूसाहेबांनी मोर्णेकडं पाहिलं. "बाई, कारागिरीच्या तपशिलात मंडळी पडत नाही."

"बरं. आन् सारे काय घालून येतीन?"

"तू सांग. तुला यातलं कळतं असं ऐकलंय."

"मी काय सांगू जी? तुमी शिकलेले. शोभन ते घाला."

सकाळी अकराही जण प्रायश्चित्ताला शोभेल अशा थाटात आले. सोवळ्याचे लाल रेशमी मुकटे, पिवळी पीतांबरं, केशरी गंध, कुणाच्या खांद्यावर किरमिजी शाल. निळ्या फेट्यांचं बोचकं बैलगाडीखाली होतं आणि तिथंच राहिलं. कमलाकांतानं मैनाबाईकडं पाहिलं. ती बैलाला वैरण टाकत होती. त्याला सगळं समजलं, आणि प्रायश्चित्त घेतलेल्या माणसानं लगेच खोटं बोलू नये म्हणून तो गप्प राहिला. तिनं एवढंच केलं की सगळ्यांना वडाच्या सावलीच्या कडेला दाटीवाटीनं बसवलं, म्हणजे उजेड एका बाजूनंच यावा आणि चांगले काळे ठिक्कर पडावेत.

तसबीर कागदावर आली तेव्हा कमलाकांतानं तिला हाक मारली. त्याचा आवाज बदललेला होता. ती हसायची तयारी करूनच गेली.

हसू आलं नाही. अकरा माणसं काळोखातून वर आली होती. कापडं सगळी काळी, पण एक काळं दुसऱ्यासारखं नव्हतं. रेशमाचं काळं पाण्यासारखं हलत होतं, शालीचं मातीसारखं बसलं होतं, आणि दोन माणसांच्या मधल्या फटीतलं काळं असं होतं की त्यात हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. त्या सगळ्यातून फक्त चेहरे आणि हात उजळलेले. बापूसाहेबांचे डोळे थकलेले होते. मंडळीतला सर्वांत मोठ्यानं बोलणारा सभासद कडेला बसून स्वतःचा अंगठा घट्ट धरून होता. म्हाताऱ्या शास्त्रीबुवांचा चेहरा तर इतका एकटा होता की चार-पाच दिवसांपूर्वी यांनीच मुंडण सांगितलं होतं हे खरं वाटेना.

हरडा आणि हिराकस घालून काळा रंग साधायला मैनाबाईला बारा वर्षं लागली होती. काळा हा रंगाऱ्याचा सर्वांत अवघड रंग. जरा चुकला की राखाडी नाहीतर हिरवट. आणि इथं वाईट हेतूनं बसवलेल्या अकरा माणसांत तिला कधीही न साधलेले सात-आठ काळे एकाच कागदावर पडले होते.

"मले तं त्याईची खोड मोडाची होती," ती शेवटी म्हणाली.

"मोडली," कमलाकांत म्हणाला. "पण मी आजवर काढलेल्यांत ही सगळ्यात चांगली तसबीर आहे. आणि ती तुम्ही रागानं बसवलीत."

"मंग जास्त राग आनाले पाहिजे व्हता इतके दिवस."

मंडळीला अर्थात ती पसंत पडली नाही. प्रेतयात्रेला निघाल्यासारखे दिसतो, असं एकानं म्हटलं. सत्याचा लेख अकरांतल्या एकानंही घरी नेला नाही. बापूसाहेबांनी तेवढी ती दोनदा हातात घेतली, बराच वेळ पाहिली, आणि परत देताना म्हणाले की यंत्रात काहीतरी बिघाड असावा.

पुढल्या वर्षी अमेरिकेतली लढाई थांबली. गोऱ्यांनी गोऱ्यांशी समेट केला आणि वऱ्हाडातली अक्कल एका हंगामात उतरली. शेंब्या शिंगांवरून निघाल्या, आरसे भिंतीवरून निघाले. तसबीर काढायला येणारे थांबले, आणि ज्यांनी काढली होती ते ती उलटी करून ठेवू लागले, कारण तिच्यातला माणूस आता ओळखीचा वाटेना. कमलाकांताची औषधं संपत आली. मुंबईहून नवी मागवणं परवडणारं नव्हतं. तेवढ्यात बडनेऱ्याकडं रेल्वेच्या कामावर पुलांच्या तसबिरी काढायला माणूस हवा असल्याचं कळलं. तो गेला आणि त्याला ठेवून घेतलं. "पुलाला फेटा नसतो," एवढंच तो त्या नोकरीबद्दल म्हणाला.

जायच्या आठवड्यात एक काच उरली होती. तो म्हणाला, "मैनाबाई, तुम्ही बसा."

तिनं नाही म्हटलं, मग पदर झटकून रांजणाच्या काठावर बसली. चिमटा लावू दिला नाही. हात मांडीवर ठेवले आणि दहा अंक ती हललीच नाही.

तसबिरीत तिचा चेहरा होता तसाच उतरला, उन्हानं भाजलेला, सुरकुत्यांसकट. पण मांडीवरचे हात! तीस वर्षांची नीळ कोपरापर्यंत पांढरीशुभ्र झाली होती. पाणी भरणंसुद्धा ठाऊक नसलेल्या एखाद्या इनामदारणीचे हात काढून कुणी तिला लावले असावेत असं दिसत होतं.

ती इतकी हसली की पान घशात गेलं. "जिंदगीभर या हातायची लाज वाटली मले. लग्नात जेवाले बसली तं बाया पाह्यत. आन् हे पाहा! महाराज, तुमची पेटी लय खोटारडी हाय."

"चुकलंच तिचं," कमलाकांत म्हणाला.

"चुकलं काहून? असू द्या. खोटं बोलते, पण देखनं बोलते."

तो अकोल्याची मंडळीची तसबीर तिच्याकडं ठेवून गेला. पुलांवर काम करणाऱ्याला ती कुठं टांगायची हा प्रश्न होता, असं त्यानं सांगितलं. तिनं ती रांजणांच्या खोलीत लावली आणि पुढं तिचा काळा बदलला. ती हरड्याची बुडी वाढवू लागली, मध्ये एक बुडी निळीची देऊ लागली. संक्रांतीला चंद्रकळा नेसणाऱ्या बाया तिच्याकडं लांबून येऊ लागल्या. तिच्या काळ्यात काय आहे ते त्यांना सांगता येत नसे. नेसलं की अंग बारीक दिसतं, असं त्या म्हणत आणि खूश असत.

तीन-चार वर्षांनी नागपूरकडून जानराव नावाचा एक तसबीरवाला आला आणि त्यानं अमरावतीच्या बाजारात दुकान मांडलं. त्याचं वैशिष्ट्य असं की तो तसबिरीवर कुंचल्यानं रंग चढवून द्यायचा. लोकांना पेटीचा रंग न दाखवण्याचा हा दोष फार दिवसांपासून खुपतच होता. मैनाबाईचं नाव ऐकून जानरावानं तिला मुद्दाम बोलावून घेतलं.

"बाई, रंगातला हात तुमचा. माझ्याकडं बसा. काम हलकं आहे. फेट्याला लाल, ओठाला गुलाबी, दागिन्याला सोनेरी."

त्याच्यापुढं एका तरुण बाईची तसबीर होती. खिडकीशी बसलेली, मांडीवर मूल. उजेड तिच्या गालावरून मुलाच्या डोक्यावर उतरत होता आणि तिथून सावलीत विरघळत होता. जानरावानं एका गालावर गुलाबी चढवला होता, दुसरा व्हायचा होता.

मैनाबाईनं डोळे बारीक करून ती बराच वेळ पाहिली. मग शेजारच्या वाटीतल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि रंगवलेला गाल पुसून काढला.

"अहो! अहो, काय करता?" जानराव उठून उभा राहिला. "गिऱ्हाइकाची आहे ती!"

"हा गाल व्हता," मैनाबाई म्हणाली. "तुमी त्याचं पिकलं जांब केलं. मले हे काम नाही जमत."

"तुम्ही रंगारीण आहात ना?"

"म्हनूनच."

जानरावानं गुलाबी पुन्हा चढवला. अमरावतीकरांना त्याचं काम इतकं पसंत पडलं की दोन वर्षांत दुकानावर माडी उठली, आणि शहरातल्या बऱ्याच घरांत फेट्याला लाल, ओठाला गुलाबी लावलेली माणसं भिंतीवरून खाली पाहू लागली. कुणी आग्रहानं दाखवायला नेलं तर मैनाबाई जायची, चौकट चांगली आहे म्हणायची, दिलेलं पान घ्यायची आणि निळीचा फेस बसायच्या आत आपल्या रांजणांकडं परत निघायची.